आमची पोरगी उजळली तेव्हा

आमची मुलगी दीड वर्षाची झाली आणि एकाएकी गोरी व्हायला लागली. घरात दिवाळीच झाली.

जन्मली तेव्हा ती चांगली ठसठशीत सावळी होती. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात वाकून पाहिलं, "नाकडोळे छान आहेत हं," म्हटलं आणि घुगऱ्या घेऊन घरी गेल्या. रंगाबद्दल बोलायची सोय नसली की लोक नाकडोळ्यांवर येतात, हे मला माझ्या लग्नाच्या वेळीच कळलं होतं. मी सावळी, नवरा माझ्याहून एक पाऊल पुढे. आम्हा दोघांकडून वेगळं काही निघेल अशी अपेक्षा ठेवणं हाच मुळात अन्याय होता. पण लोकांना अपेक्षा असते. त्यामुळे पोरगी उजळायला लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, उशिरा का होईना, देवाने चूक दुरुस्त केली.

श्रेय मात्र देवाला मिळालं नाही, आमच्या म्हशीला मिळालं. दिग्रसच्या कडेला आमचं घर, मागे गोठा आणि गोठ्याला लागूनच शेत. सासूबाईंचा म्हशीच्या दुधावर एवढा विश्वास की ताप असो, परीक्षा असो की सोयरिक मोडलेली असो, सगळ्यावर उतारा एकच. पोरीला वरचं दूध सुरू झालं आणि बाटलीने घराचा ताबा घेतला. उठली की बाटली, रडली की बाटली, नाही रडली तर शहाण्यासारखी वागली म्हणून बाटली. मी वरणभात कालवून बसले की ती तोंड फिरवायची आणि गोठ्याकडून आवाज यायचा.

"काहून जबरदस्ती करून राह्यली वं तिले? दूध पेली ना थे? दुधात सारंच असते."

या 'सारंच'मध्ये नेमकं काय काय येतं, ते विचारायची माझी टाप नव्हती. सासूबाई शेत पाहायच्या, गोठा पाहायच्या, गड्यांना कामाला लावायच्या आणि मुलाला धाकात ठेवायच्या. माझी पाळी त्यानंतर यायची.

शेजारणी यायच्या, पोरीचा गाल चिमटीत धरायच्या आणि विचारायच्या, काय लावता हो हिला? साय की बेसन? सासूबाई पदर सारखा करून म्हणायच्या, "लावत काईच नाई. पोटातून गोरी हाय थे. माह्यावरच गेली."

मीही काही मागे नव्हते. माझ्या एका मावशीचा रंग असाच केतकी होता, असं मी चारचौघात सांगायला लागले होते. मावशी होती हे खरं. बाकी मी त्या रंगाला मिळेल तिथून नातं जोडत होते.

नवऱ्याचं दिग्रसला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुपारी हिशेबाला मीही तिथे बसते. पावसाळ्यात दुकानात गिऱ्हाईक कमी आणि रोगी जास्त येतात. शेतकरी पिशवीतून सोयाबीनचं उपटलेलं झाड काढतो आणि काउंटरवर ठेवतो. नवरा पान उजेडात धरतो, जरासा डोळा बारीक करतो आणि डॉक्टरच्या थाटात सांगतो, "शिरा हिरव्या, मधात पिवळं. लोह कमी पडलं, भाऊ. झाडाले रक्त नाई." मग कोणतं औषध किती पाण्यात टाकून फवारायचं ते समजावतो. आजवर त्याचं निदान चुकलेलं मी पाहिलेलं नाही. दूरदूरच्या खेड्यांतून लोक झाडं घेऊन त्याच्याकडे येतात.

आणि हाच माणूस दुकान बंद करून घरी आला की पोरीला उचलायचा, तिचं पांढरंफटक तोंड बल्बच्या उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "आज अजूनच उजळली वाटते."

शेतातल्या पानाचा रंग उडाला तर तो रोग, घरातल्या पोरीचा उडाला तर नशीब. आमच्याकडे असा कारभार होता.

बाकीची लक्षणंही आम्ही अशीच कौतुकात घातली. पोरगी शांत झाली होती. एका जागी बसवली की तिथेच बसायची. पाहुणे म्हणायचे, गुणाची पोट्टी आहे, जराही त्रास नाही. दहा पावलं चालली की हात वर करायची, म्हणजे लाडाची. तुळशीपुढे बसून ओली माती बोटाने चाटायची, म्हणजे दात येत असणार. एका काकूंनी तर तिला कृष्णच करून टाकलं आणि तोंड उघडून आत पाहिलं. ब्रह्मांड दिसलं नाही, पण हिरड्या कशा फिक्या पडल्यात तेही काकूंना दिसलं नाही.

मग तिला खोकला झाला. साधाच होता, पण जाईना. माझा जीव थाऱ्यावर राहीना म्हणून मीच हट्ट धरला आणि आम्ही सगळे एसटीत बसून पुसदच्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. सासूबाईंनी प्रवासासाठी बाटल्या भरून घेतल्याच होत्या.

डॉक्टरीणबाई बोलायच्या कमी आणि बोलल्या की टोचायच्या. त्यांनी छाती तपासली, मग पोरीचा तळहात उलटा करून पाहिला. खोकल्याचं एक अक्षर नाही.

"दूध किती पिते?"

सासूबाई बक्षीस घ्यायला निघाल्यासारख्या पुढे सरकल्या. "दिवसभर पेते. म्हशीचं. घरचं हाय, पान्याचा थेंब नाई त्यात."

"आणि जेवते काय?"

"जेवाची गरजच पडत नाई तिले."

"माती खाते का?"

यावर आम्ही तिघंही भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहायला लागलो.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढली. "हे आतलं लाल असायला पाहिजे. बघा."

आत पेजेसारखा रंग होता. लाल म्हणावं असं काहीच नव्हतं.

"पण ती आधीपासून जरा..." नवरा चाचरत म्हणाला, "म्हणजे गोरी आहे ना ती."

"तुमची मुलगी आहे ना ही?" डॉक्टरीणबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. "मग गोरी कुठून होईल? पांढरी पडली आहे ती. रक्त नाही अंगात."

माझी केतकी मावशी त्या क्षणी कायमची वारली.

तपासणी झाली. कागद आला तेव्हा बाईंनी तो पाहिला, खाली ठेवला आणि पुन्हा उचलून पाहिला. हिमोग्लोबिन फार खाली गेलं होतं. त्या म्हणाल्या, लोहाचे थेंब सुरू करू आणि महिनाभराने पुन्हा रक्त तपासू. चढलं तर ठीक. नाही चढलं, किंवा मधेच धाप लागली, तर यवतमाळला न्यायचं, रक्त चढवावं लागेल. माझ्या मांडीवरची ती गुणाची, शांत पोरगी मला पहिल्यांदाच आजारी दिसली, आणि एकदा दिसली म्हटल्यावर दुसरं काही दिसेना.

मग बाईंनी पथ्य सांगितलं. बाटली बंद. दूध वाटीने, थोडंसं, आणि औषधाच्या वेळेला अजिबात नाही. चहात बुडवलेलं बिस्किटही नाही, चहा लोह अडवतो. थेंब लिंबाच्या पाण्याबरोबर द्यायचे, कारण आंबटातल्या सी जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. डाळ, हिरव्या भाज्या, चालत असेल तर अंडं. शी काळी होईल, घाबरायचं नाही. सासूबाईंनी मधेच विचारलं, "दुप्पट देल्लं तं लवकर बरी होईन ना?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. नेमून दिले तेवढेच थेंब, एक जास्त नाही, आणि औषधाची कुपी पोरीच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर. लोह जास्त झालं तर लेकरांना ते विष असतं. नवऱ्याने मान डोलावली. जास्तीचं फवारून जळालेली शेतं त्याने पुष्कळ पाहिली होती.

घर आलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नजर लागली पोरीले."

त्यानंतर घरात युद्ध सुरू झालं. मी बाटली लपवायची, त्या शोधायच्या. मी सकाळचे थेंब द्यायची, त्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या. आणि एका सकाळी पोरीची शी डांबरासारखी काळी आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मीही पुन्हा सांगितलं. पण सासूबाईंनी ते दुपटं अंगणात नेऊन शेजारणींना दाखवलं. शेजारणींनी नाकाला पदर लावून निकाल दिला: औषध गरम पडलं, आतडी जळाली. थेंबांनी दातांवरही काळसर डाग आले होते, तो दुसरा पुरावा. सभा बरखास्त झाली.

त्याच आठवड्यात मी दुकानातून जरा लवकर घरी आले. पोरगी दिसेना. गोठ्यामागे गेले तर सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या आणि पोरगी डोळे मिटून बाटली ओढत होती. घरात पाहिलं तर थेंबांची कुपी वर देवघराच्या फळीवर, माझ्या नजरेला पडणार नाही अशी मागे सरकवलेली. विचारलं तेव्हा कळलं, दोन दिवस दुपारचं औषध दिलंच नव्हतं. मी दुकानात असताना दुपारचे थेंब द्यायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या मला "देल्ले" म्हणून सांगत होत्या.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं म्हशीला उद्देशून होतं. महिना सरत चालला होता, यवतमाळचं नाव माझ्या डोक्यातून हलत नव्हतं आणि इथे बाई माझ्या पोरीला गोठ्यामागे नेऊन गोरी करत होती.

सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकराच्या तोंडचं दूध तोडते वं तू? थे हात पुढं करते, रडते. माह्या हातून नाई होत."

यात नाटक नव्हतं, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त राग येत होता.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. आमच्यात न्यायनिवाडा करायची हिंमत त्याच्यात कधीच नव्हती. तो उठला, आईला म्हणाला, "माय, जरा वावरात चाल." मला वाटलं, पळाला. मी पोरीला कडेवर घेऊन मागे गेले. आमच्या वावराच्या खालच्या अंगाला एक पट्टा आहे, तिथलं सोयाबीन दर पावसाळ्यात पिवळं पडतं. नवऱ्याने तिथलं एक झाड उपटलं.

"माय, हे काहून पिवळं पडलं?"

"तुले मायीत नाई काय? चुनखडीची जमीन हाय. दरसाल पडते."

"म्हंजे जमिनीत लोह नाई?"

"लोह असंन. पन चुनखड झाडाले घेऊ देत नाई. तूच तं सांगतं साऱ्या गावाले."

"बरोबर. मंग आता आपल्या पोट्टीचं सांग. दुधात काय असते?"

"सारंच असते."

"चुना असते, माय. कॅल्शियम. हाडाले चांगलं. पन हिचं पोट दुधानंच भरते, म्हून लोहाचं अन्न पोटात जात नाई. अन् औषधाचं लोह टाकलं तं त्याले हा चुना अडवते. जमीन चांगली, खत चांगलं, अन्..."

इथे तो थांबला. त्याच्या हातात ते पान होतं, शिरा हिरव्या आणि मधे फिकं. त्याने पानाकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावर मान टाकून पडलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य त्याला जमेना. रोज शंभर लोकांना जे सांगत होता ते त्याने स्वतः आत्ता ऐकलं असावं.

सासूबाईंनी ते झाड त्याच्या हातून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच चुनखड टाकून राह्यलती म्हन ना."

मी जिंकले होते. पण खरं सांगते, त्यात काही मजा आली नाही.

दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या उकिरड्यावर गेल्या, आणि सासूबाईंनी पोरीचं पोट आपल्या ताब्यात घेतलं, शेत घ्यावं तसं. माझी त्यातून हकालपट्टीच झाली. तुरीचं घट्ट वरण, त्यात लिंबू पिळलेलं. मेथी, पालक बारीक चिरून भाकरीच्या कुस्कऱ्यात दडवलेले. तीळ आणि शेंगदाण्याचं कूट, गुळाचा खडा. पोरगी थुंकायची, सासूबाई पुसायच्या आणि पुन्हा भरवायच्या. बाटलीसाठी ती पहिले काही दिवस घर डोक्यावर घ्यायची, तेव्हा सासूबाई कानाला पदर गुंडाळून तिला भरवायच्या. अंडं आमच्या स्वयंपाकघरात चालत नाही. त्यांनी अंगणात नळापाशी वेगळी चूल मांडली, वेगळं भांडं आणलं, आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून पोरीला अंडं भरवायला लागल्या. नेम चुकायचा. निम्मं अंडं पोरीच्या कानात जायचं. थेंब द्यायची वेळ झाली की त्याच मला हाक मारायच्या, आणि मी कुपी हातात घेतली की अशा नजरेने मोजायच्या की मी चोरच.

हळूहळू पोरगी बदलली. तुळशीपुढची माती सुटली. एक दिवस तिने माझ्या हातातलं लाटणं हिसकावलं आणि दिलं नाही. मग पळायला लागली. मग चावायला लागली. शेजारच्या मुलाला चावली, गोठ्यातल्या रेडकाला चावली, एका पाहुण्याच्या गुडघ्याला चावली. गुणाची पोट्टी संपली आणि घरात एक गुंड फिरायला लागला. मी तिच्या मागे धावून धावून थकायचे आणि मनातून सुखावायचे.

आणि ती काळी व्हायला लागली. गालांवर आमचा अस्सल, खानदानी रंग चढला. गोऱ्या पोरीची कृती विचारणारी शेजारीण एकदा आली, हळहळली. "रंग उतरला वं बाई पोरीचा. त्या औषधानंच."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "रंग काय चाटाचा हाय? रक्त आलं लेकराले, रक्त!" शेजारीण चहा न घेता गेली.

महिना झाला आणि आम्ही पुन्हा पुसदला निघालो. चावरी असली तरी पोरीच्या रक्ताचं काय झालं हे डोळ्यांनी कसं कळणार? मधले दोन दिवस बुडाले होते ते माझ्या मनात रुतून बसले होते. दवाखाना वरच्या मजल्यावर. पोरगी जिना धडाधड चढून गेली, नवरा तिच्यामागे. सासूबाई मधेच कठडा धरून थांबल्या. "गुडघे," म्हणाल्या. मला पुढे व्हायला खुणावलं.

रक्त घेताना पोरगी इतकी किंचाळली की बाहेरची सगळी लेकरं रडायला लागली. मग कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, आणि पहिल्यांदाच हसल्या. चांगलं चढलं होतं. यवतमाळची गरज नव्हती. औषध मात्र अजून काही महिने सुरू ठेवायचं, अंगात साठा भरायला हवा. मी तिथेच पदराने तोंड झाकून रडले. नवरा डॉक्टरीणबाईंना कधीही सोयाबीन पिवळं पडलं तर दुकानात या म्हणून सांगत होता.

बाईंनी खात्री म्हणून पोरीची पापणी ओढून पाहिली. आत लालबुंद. पोरीला तो खेळ आवडला. तिने लगेच बाईंच्या डोळ्यात बोट घातलं. मग बापाच्या. मग आजीच्या मांडीवर चढली आणि दोन्ही हातांनी आजीची पापणी खाली ओढून धरली. आम्ही सगळे हसत होतो. सासूबाई "अवं, अवं, डोया फोडतं काय" म्हणत हसत होत्या.

डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं. त्या खुर्चीवरून उठून पुढे आल्या. "आजी, जरा उजेडात या बरं."

"मी? मले काय झालं?"

"दम लागतो का? जिना चढताना?"

"गुडघे धरते फक्त." सासूबाई पोरीला सावरत मागे सरकल्या. आमच्या सासूबाई गोऱ्या आहेत. त्यांच्या रंगाचं नाव अजून त्यांच्या माहेरी निघतं. "माह्यं काय पायता, बाई? मी तं पहिल्यापासूनच गोरी हावो. रंग पाहूनच तं करून आनलं मले ह्या घरात."

पोरीने अजून पापणी सोडली नव्हती. आत पेजेसारखा रंग होता. एक महिना मी रोज सकाळी माझ्या पोरीचा डोळा उजेडात धरून पाहत होते, आणि तिला भरवणारी बाई समोर बसलेली असायची. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वरण पुसून भाकर खायची आणि वर काळा चहा घ्यायची.

"आई, इकडे बसा," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला. हात गार होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.